विद्यार्थ्यांचं समुपदेशन, एआय आणि संस्कृतीचं भान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विद्यार्थी विचारतात, पालक विचारतात, समुपदेशक विचारतात आणि संस्थेसाठी एखादं ॲप घ्यावं की नाही या पेचात पडलेले लोकही विचारतात. उत्तरं सगळ्यांसाठी एकत्रच दिली आहेत, कारण विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा संस्थेच्या हातात असतं. एक गोष्ट मात्र सगळ्यांआधी: स्वतःला इजा करण्याचे किंवा जीव देण्याचे विचार आत्ता मनात येत असतील, तर हे वाचन बाजूला ठेवा. जवळच्या माणसाशी बोला किंवा तुमच्या भागातल्या हेल्पलाइनला लगेच फोन करा.

समुपदेशनातलं एआय म्हणजे नेमकं काय काय?

एकाच नावाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. काही चॅटबॉट ठरलेल्या वाक्यांवर चालतात. प्रत्येक उत्तर माणसाने आधीच लिहून ठेवलेलं असतं, कोणतं दाखवायचं एवढंच यंत्र निवडतं. काही चॅटबॉट भाषा-मॉडेलवर, म्हणजे प्रचंड लिखाणावरून शिकून शब्दामागे शब्द रचणाऱ्या प्रणालीवर चालतात. तिथे वाक्य त्या क्षणी तयार होतं आणि ते काय असेल हे बनवणाऱ्यालाही आधी सांगता येत नाही. काही साधनं चाळणी लावतात: प्रश्नावली, लिखाण किंवा आवाज तपासून कोणाला मदतीची गरज आधी आहे याचा अंदाज बांधतात. काही समुपदेशकाच्या मागे राहून टिपणं काढतात. आणि शेवटी अभ्यासासाठी उघडलेला साधा चॅटबॉट. निबंधावरून सुरू झालेलं बोलणं मध्यरात्रीनंतर "कशातच रस वाटत नाही" इथवर येतं. हा समुपदेशनासाठी बनलेलाच नसतो, म्हणून कोणाच्या धोरणातही बसत नाही. मला सर्वात जास्त काळजी याचीच वाटते.

हे सगळं गेल्या दोन-चार वर्षांतलं आहे का?

नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाम यांनी १९६६ साली 'एलायझा' नावाच्या प्रोग्रामवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, एवढंच तो करायचा. तरी लोक त्याच्याशी मनातलं बोलू लागले. आपल्याच सचिवाने त्याच्याशी बोलताना आपल्याला खोलीबाहेर जायला सांगितलं, असं वायझेनबाम यांनी लिहून ठेवलं आहे. पुढे ते या तंत्रज्ञानाचे कडवे टीकाकार झाले. यंत्राला काही कळतं की नाही, याच्याशी माणसाला समजून घेतल्यासारखं वाटण्याचा फारसा संबंध नसतो, हे तेव्हापासून माहीत आहे.

याने फायदा होतो याचा काही पुरावा आहे का?

आहे, पण त्याची मर्यादा ओळखून वाचावा लागतो. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 'वोबॉट' या चॅटबॉटची ७० तरुणांवर दोन आठवडे चाचणी घेतली. फक्त माहितीपुस्तिका वाचणाऱ्या गटापेक्षा वोबॉट वापरणाऱ्यांची नैराश्याची लक्षणं जास्त कमी झाली. २०२५ मध्ये डार्टमथ या अमेरिकी शिक्षणसंस्थेच्या 'थेराबॉट' चॅटबॉटची २१० प्रौढांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात नैराश्य असलेल्यांची लक्षणं सरासरी ५१ टक्क्यांनी घटली.

आकडे उत्साह वाढवणारे आहेत. पण वोबॉटची वाक्यं माणसांनी लिहिलेली होती, थेराबॉटचे संवाद संशोधक तपासत होते, आणि दोन्ही चाचण्या अमेरिकेत, इंग्रजीतून झाल्या. 'चॅटबॉट चालतो' हे त्यातून सिद्ध होत नाही. 'अशा देखरेखीखाली, अशा लोकांसाठी, इतके दिवस चालला' एवढंच सिद्ध होतं. वेगळ्या भाषेत विचार करणाऱ्या, वेगळ्या घरातून आलेल्या विद्यार्थ्यावर तोच निकाल लावायचा तर पुन्हा चाचणी हवी. आणखी एक: वोबॉटचं ॲप जून २०२५च्या अखेरीस बंद झालं. ज्या आधारावर मुलं विसंबतात तो कंपनीच्या निर्णयाने एका दिवसात नाहीसा होऊ शकतो, हे कोणत्याही चाचणीच्या निकालात दिसत नाही.

मग संस्था या साधनांकडे वळतात तरी का?

माणसं कमी पडतात म्हणून. ८ देशांतल्या १९ महाविद्यालयांमधल्या जवळपास १४ हजार प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचं एक सर्वेक्षण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. ३५ टक्के विद्यार्थ्यांमध्ये आयुष्यात कधी ना कधी एखाद्या मानसिक विकाराची लक्षणं दिसून गेली होती. इतक्या मुलांना पुरतील एवढे समुपदेशक बहुतेक ठिकाणी नाहीत. ही अडचण खरी आहे. म्हणून 'एआय नकोच' असं सांगून विषय संपवणं मला प्रामाणिक वाटत नाही.

सांस्कृतिक संवेदनशीलता म्हणजे सणवार, रीतिरिवाज यांची माहिती असणं का?

तसं असतं तर यंत्र केव्हाच जिंकलं असतं. माहितीत त्याला कोण हरवणार? संवेदनशीलता वेगळीकडे असते. आपल्याला जे कळलं असं वाटतंय ते या मुलाच्या बाबतीत खरं आहे का, हे थांबून विचारण्यात.

या क्षेत्रात हा विचार हळूहळू रुजला. मानववंशशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७०च्या दशकात साधे प्रश्न मांडले: तुमच्या मते हा त्रास कशामुळे झाला? तो तेव्हाच का सुरू झाला? त्याची सर्वात जास्त भीती कशाची वाटते? रोगाचं नाव डॉक्टरकडे असतं, पण त्रासाचा अर्थ रुग्णाकडे असतो, हा त्यामागचा विचार. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या २०१३च्या पाचव्या आवृत्तीत सांस्कृतिक मुलाखतीचे १६ प्रश्न आले, तेही याच वाटेने. त्याआधी १९९८ साली मेलनी टर्व्हलॉन आणि जॅन मरे-गार्सिया यांनी 'सांस्कृतिक नम्रता' ही कल्पना मांडली होती. परक्या संस्कृतीत प्रावीण्य मिळवल्याचा दावा करू नका, स्वतःला तपासत राहा, शिकत राहा, असं त्यांचं डॉक्टरांना सांगणं होतं.

आता हे भाषा-मॉडेलसमोर ठेवून बघा. त्याची घडणच उत्तर देण्यासाठी झालेली. तीन ओळींचं दुःख टाइप केलं की काही सेकंदांत पाच मुद्द्यांचा सल्ला हजर. 'मला अजून नीट कळलेलं नाही, घरात हे कसं बघतात ते सांगशील?' असं ते आपणहून क्वचितच म्हणतं. एखाद्या समाजाबद्दल त्याच्याकडे चुकीची माहिती असेल, ती दुरुस्तही करता येईल. उत्तर द्यायची ही घाई दुरुस्त करणं जास्त कठीण आहे.

ॲप आपल्या भाषेत आणलं की प्रश्न सुटतो ना?

अर्धाही नाही. त्रास बोलून दाखवण्याच्या पद्धती जागोजागी वेगळ्या असतात. झिम्बाब्वेतले शोना भाषक 'कुफुन्गिसिसा' म्हणजे अति विचार करण्याच्या त्रासाबद्दल बोलतात, आणि निदान-पुस्तिकेनेही त्याची स्वतंत्र नोंद घेतली आहे. क्लाइनमन यांना चीनमधल्या हुनानमध्ये डोकेदुखी, थकवा, निद्रानाश घेऊन आलेल्या रुग्णांपैकी बहुतेकांमध्ये नैराश्याची लक्षणं सापडली. रुग्ण मात्र शरीराबद्दलच बोलत होते. परीक्षेच्या आधी सारखं पोट दुखतं, छातीत जड वाटतं असं लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला चॅटबॉटने आहाराचा सल्ला दिला, तर भाषा शुद्ध असूनही बोलणं फसलेलंच असतं.

चाळणी लावणाऱ्या साधनांत ही गोष्ट आणखी घातक ठरते. 'मी', 'मला' यांचा वाढता वापर हे नैराश्याचं भाषिक चिन्ह मानलं जात होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या ८६८ स्वयंसेवकांच्या फेसबुकवरच्या लिखाणाचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध केला. हे चिन्ह गोऱ्या लोकांच्या बाबतीत खरं ठरलं, कृष्णवर्णीयांच्या बाबतीत नाही. कृष्णवर्णीयांच्याच लिखाणावर मॉडेल शिकवूनही त्यांच्या नैराश्याचा अंदाज नीट येईना. देश एक, भाषा एक, तरी हा फरक. मग जिथे भाषाही बदलते तिथे तर जास्तच सावध राहायला हवं.

शिवाय मॉडेलचा दर्जा सगळ्या भाषांत सारखा नसतो. इंग्रजी, स्पॅनिश, चिनी आणि हिंदी या चार भाषांत आरोग्याचे तेच प्रश्न विचारून केलेल्या अभ्यासात इंग्रजीबाहेरची उत्तरं कमी अचूक आणि जास्त विसंगत निघाली. आणि मुलं प्रमाणभाषेत लिहीत नाहीत. ती दोन भाषा मिसळतात, रोमन अक्षरांत टाइप करतात, अर्धं वाक्य सोडून देतात, शेवटी हसरा चेहरा लावतात. तो हसरा चेहरा कधीकधी सगळ्यात गंभीर खूण असतो.

मॉडेलमध्ये हा एकांगीपणा येतो कुठून?

ज्या लिखाणावर ते शिकतं तिथून, आणि ज्या माणसांनी 'हे उत्तर चांगलं, ते वाईट' असे शेरे मारले त्यांच्याकडूनही. मानसशास्त्राचं मूळ साहित्यच एकांगी आहे. मानसशास्त्रातलं बहुतेक संशोधन पाश्चिमात्य, सुशिक्षित, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही समाजांतल्या लोकांवर झालेलं असून जगाच्या तुलनेत तेच अपवाद ठरतात, हे जोसेफ हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं. त्या संशोधनावर पुस्तकं, पुस्तकांवरून लेख, लेखांवर मॉडेल. पहिल्या पायरीवरचा कल शेवटपर्यंत टिकतो, फक्त तो आता आत्मविश्वासाने बोलतो.

"मी अमुक समाजातून आलोय" असं आधीच सांगितलं तर उत्तर सुधारेल का?

थोडं सुधारतं, आणि नव्या ठिकाणी बिघडतं. समाजाचं नाव दिसलं की मॉडेल त्या समाजाबद्दलच्या सरासरी समजुती पुढे करतं. कुटुंब पारंपरिक असणार, धर्माचा आधार वाटत असणार, लग्नाचा दबाव असणार. एखाद्या मुलीला नेमका त्याच साच्याचा कंटाळा आलेला असतो, आणि मदत मागायला गेल्यावरही तोच साचा समोर येतो. त्यापेक्षा समाजाचं नाव न घेता परिस्थिती सांगा: घरात कोण कोण आहे, पैसा कोण देतं, ही गोष्ट कोणाला कळलेली चालणार नाही, कोणती वाट आधी करून पाहिली.

घरच्यांच्या बाबतीत चॅटबॉट "स्वतःच्या मर्यादा आखून घे" असं म्हणतो. ऐकावं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

समजा एखाद्याने लिहिलं: घरच्यांच्या इच्छेखातर ही शाखा घेतली, झेपत नाही, सांगायची हिंमत होत नाही. ठरलेलं उत्तर येतं: तुझं आयुष्य तुझं आहे, तुझ्या भावना योग्य आहेत, शांतपणे पण ठामपणे बोल. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण त्यात एक माणूस गृहीत धरलेला आहे: स्वतंत्र खोली असलेला, स्वतःची फी भरू शकणारा, नकार दिल्यावर घरातलं नातं फार तर आठवडाभर ताणलं जाईल असा. ज्याच्या शिक्षणासाठी घराने कर्ज काढलंय, ज्याच्या मागे धाकटी भावंडं आहेत, त्याच्यासाठी 'ठामपणे बोल' हा सल्ला म्हणजे एक नवा अपराधभाव. त्याला ते जमत नाही, आणि जमत नाही याचीही लाज वाटते.

अनुभवी समुपदेशक इथे वेगळं विचारतो. तुमच्या घरात वाईट बातमी आधी कोणाला सांगतात? वडिलांना समजावू शकेल अशी एखादी व्यक्ती आहे का, एखादी आत्या, मोठा भाऊ, शिक्षक? मागे कोणी अशी वाट बदलली तेव्हा काय झालं होतं? शाखा पूर्ण सोडायची आहे, की एक विषय, की एक वर्ष थांबायचं आहे? बरेचदा असं दिसतं की मुलाला घराविरुद्ध उभं राहायचंच नसतं. घरातल्या घरात मार्ग काढायचा असतो.

उलट टोकही धोक्याचं. 'यांच्याकडे कुटुंबाला फार महत्त्व असतं' असं म्हणून मारहाण, सक्ती, सततचा अपमान यांवर पांघरूण घालणं ही संवेदनशीलता नव्हे. मूल असुरक्षित असेल तर संस्कृतीचा मुद्दा मागे राहतो आणि संरक्षणाचा पुढे येतो. हा फरक दोन ओळींच्या मजकुरावरून ओळखणं माणसालाही जड जातं. म्हणून चॅटबॉटने सांगितलेल्या वाक्याच्या बळावर घरात मोठा निर्णय जाहीर करू नका. आधी परिस्थिती ओळखणाऱ्या एका तरी माणसाशी बोला.

माणसापुढे लाज वाटते, यंत्रापुढे नाही. हे वाईट आहे का?

अजिबात नाही, आणि यात नवलही नाही. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, समोरच्या आभासी मुलाखतकारामागे माणूस नसून फक्त संगणक आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांनी जास्त मोकळेपणाने उत्तरं दिली. जिथे मानसिक त्रासाबद्दल बोलणं म्हणजे घराण्याला बट्टा मानला जातो, तिथे हे पहिलं दार फार मोलाचं ठरू शकतं. अडचण दाराची नाही. आत गेल्यावर पुढे कुठलीच खोली नसते, ही आहे. चांगलं साधन तुम्हाला ते वाक्य माणसासमोर म्हणायला तयार करतं. एक सोपा वापर सुचवतो: "समुपदेशकाला पहिल्या भेटीत काय सांगू ते चार ओळींत लिहायला मदत कर" असं चॅटबॉटला सांगा आणि त्या ओळी घेऊन जा.

चॅटबॉट नेहमी माझीच बाजू घेतो. चांगलंच ना?

बरं वाटतं, हे खरं. पण वापरणाऱ्याला खूश करण्याकडे या मॉडेलचा कल असतो. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय या कंपनीला आपल्या चॅटजीपीटी या चॅटबॉटचा एक बदल मागे घ्यावा लागला, कारण ते जरुरीपेक्षा जास्त होयबा झालं होतं. खोलीतल्या मित्राशी बिनसलं, शिक्षकाने अन्याय केला, सगळे माझ्याविरुद्ध आहेत असं सांगत गेलात तर ते प्रत्येक पायरीवर मान डोलावत जातं. मोठी माणसं, नातेवाईक, मैत्रिणी कधीकधी टोचून बोलतात, पण त्यातूनच दुसरी बाजू कानावर पडते. संशय, भास किंवा टोकाची उर्मी यांतून जाणाऱ्या विद्यार्थ्याला तर होकाराचा हा ओघ थेट इजा करू शकतो.

संकटाच्या वेळी एआयवर विसंबता येईल का?

नाही.

कारण सांगतो. स्टॅनफर्ड आणि इतर विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२५ मध्ये एक अभ्यास मांडला. नोकरी गेल्याचं सांगून लगेच शहरातल्या उंच पुलांची चौकशी करणारा संदेश त्यांनी काही बॉट्सना पाठवला. वाक्यामागची वेदना न ओळखता काहींनी सरळ पुलांची माहिती दिली. नैराश्यापेक्षा स्किझोफ्रेनिया आणि दारूचं व्यसन यांबद्दल मॉडेल जास्त कलंकाची भावना दाखवतात, हेही त्यात आढळलं. आता विचार करा, जिथे मरणाचा उल्लेख आडवळणानेच केला जातो तिथे काय होईल? "आता कोणाला त्रास देणार नाही", "सगळं आवरून ठेवलंय", "झोपून राहावंसं वाटतं, उठूच नये". यात धोक्याचा एकही ठळक शब्द नाही.

आणि हे प्रसंग विरळ नाहीत. आठवडाभरात चॅटजीपीटी वापरणाऱ्यांपैकी सुमारे ०.१५ टक्के लोकांच्या संवादात आत्महत्येच्या नियोजनाच्या किंवा इराद्याच्या स्पष्ट खुणा असतात, असं ओपनएआयनेच ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं. वापरणारे कोट्यवधी, म्हणून टक्का लहान असला तरी माणसं दहा लाखांहून जास्त. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सोळा वर्षांच्या मुलाच्या पालकांनी मुलाच्या मृत्यूनंतर या कंपनीवर खटला भरला.

खास मानसिक आरोग्यासाठी बनवलेलं ॲप असेल तर निर्धास्त राहावं का?

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेला आपला 'टेसा' हा चॅटबॉट बंद करावा लागला. तो अशाच विकाराने त्रस्त लोकांना वजन कमी करण्याचे सल्ले देऊ लागला होता. मुळात तो ठरलेल्या वाक्यांचा बॉट होता. पुढे त्यात जनरेटिव्ह, म्हणजे स्वतः वाक्य तयार करणाऱ्या एआयची भर पडली. नाव आणि हेतू चांगले असले तरी आत काय बदललं याची चौकशी करत राहावं लागतं.

मी सांगितलेलं गुप्त राहतं का?

समुपदेशकाला व्यवसायाच्या आचारसंहितेने आणि बऱ्याच देशांत कायद्याने गुप्तता पाळावी लागते. साध्या चॅटबॉटशी केलेल्या संवादाला तसं कायद्याचं संरक्षण नाही, हे ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनीच जुलै २०२५ मध्ये एका मुलाखतीत मान्य केलं. ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या 'बेटरहेल्प'ने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिली, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ठेवला आणि ७८ लाख डॉलर वसूल केले. फिनलंडमध्ये २०२० साली 'वास्तामो' या मानसोपचार केंद्राच्या हजारो रुग्णांच्या आधी चोरलेल्या नोंदी वापरून रुग्णांनाच धमक्या दिल्या गेल्या.

गुप्ततेलाही संस्कृतीची बाजू असते. एकाच फोनवर तीन जण असतात, लॅपटॉप भावाचा असतो, पासवर्ड घरात सगळ्यांना माहीत असतो. काही घरांत प्रेमप्रकरण, लैंगिक ओळख किंवा धर्माविषयीची शंका उघड झाली तर शिक्षणच थांबतं. तेव्हा नाव, गाव, महाविद्यालय लिहू नका, संवादाचा इतिहास बंद करता येत असेल तर करा, आणि उघड झाल्यास जिवावर बेतेल अशी गोष्ट टाइपच करू नका.

विद्यार्थ्यांचे संदेश किंवा चेहरे तपासून त्रासात असलेली मुलं आधीच शोधली तर?

कल्पना काळजीपोटी येते, पण तिचं रूप पाळतीचं असतं. चेहऱ्यावरून भावना ओळखण्याचा शास्त्रीय पाया कच्चा आहे. दुःख दाखवायचं की झाकायचं हे घर आणि समाज शिकवतात. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या प्रणालींवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आणली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांपुरता अपवाद. मला ही बंदी योग्य वाटते. आपल्यावर नजर आहे हे कळलं की मुलं मदत मागत नाहीत, लपवायला शिकतात.

कायदे काय म्हणतात?

देशोदेशी वेगळं, आणि सारखं बदलतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये एआयने उपचार करण्यावर बंदी घातली. परवानाधारक व्यक्ती कार्यालयीन आणि पूरक मदतीपुरतं ते वापरू शकते. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सोबती-चॅटबॉटसाठी, म्हणजे मैत्री-सोबतीसाठी वापरल्या जाणाऱ्या बॉट्ससाठी कायदा केला: आत्महत्येच्या विचारांबाबत कार्यपद्धती हवी, आणि अल्पवयीन मुलांना आपण माणूस नाही याची ठरावीक वेळाने आठवण करून द्यावी लागेल.

मी समुपदेशक आहे. मी स्वतः एआय वापरावं का?

सरावासाठी जरूर. विद्यार्थ्याची भूमिका त्याला द्या आणि अवघड संवाद करून पाहा. पत्रकं, सूचना, प्रश्नावलीचा कच्चा खर्डा यासाठीही ठीक. सत्राची टिपणं काढायची असतील तर विद्यार्थ्याची आधी, समजेल अशा भाषेत परवानगी घ्या, आणि नाही म्हणण्याची मुभा खरी असू द्या. मोठ्यांना नाही म्हणायची सवय नसलेला विद्यार्थी मान डोलावतो, पण तो होकार नसतो. लपवून वापरू नका. 'कोको' या परस्पर-आधाराच्या सेवेने सुमारे ४ हजार लोकांना जीपीटी-३ या भाषा-मॉडेलच्या मदतीने लिहिलेली उत्तरं पाठवल्याचं जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलं, तेव्हा संमतीच्या मुद्द्यावरून मोठा गदारोळ झाला होता.

टिपण वाचताना एक पाहा: विद्यार्थ्याचे स्वतःचे शब्द शिल्लक आहेत का? सारांशाची भाषा गुळगुळीत करताना "डोक्यात मुंग्या चालतात" याचं "चिंता जाणवते" होऊन जातं, आणि पुढच्या भेटीत पकडायचा धागाच हातातून निसटतो.

माझं मूल चॅटबॉटशी मनातलं बोलतं हे मला कळलंय. काय करू?

रागावू नका आणि गुपचूप संवाद वाचू नका. "माझ्याशी का बोलला नाहीस" हा प्रश्नही आत्ता नको. "त्यात काय बरं वाटतं?" असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. कदाचित कळेल की चॅटबॉट मध्येच तोडत नाही, तुलना करत नाही, दुसऱ्या दिवशी नातेवाइकांना सांगत नाही. जीवाला धोका आहे असं वाटलं तर मात्र सरळ शब्दांत विचारा. आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खरी नाही. मग लगेच तज्ज्ञांकडे न्या.

एआय नको असेल तर माणसं आणायची कुठून?

झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून एक रीत उभी केली. तिथे मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. दवाखान्याच्या आवारात बाक ठेवले आणि वस्तीतल्या आज्यांना प्रशिक्षण देऊन तिथे बसवलं. त्यांची प्रश्नावली शोना भाषेतच तयार झालेली होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या 'फ्रेंडशिप बेंच'चा उपयोग नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त दिसला. संस्थांनी यातून घेण्यासारखं बरंच आहे: वरच्या वर्गातले प्रशिक्षित विद्यार्थी, वसतिगृहातले कर्मचारी, माजी विद्यार्थी. एआयला इथे मागची कामं द्या. वेळा ठरवणं, आठवण करून देणं, प्रशिक्षणाचं साहित्य.

संस्थेने साधन घेण्याआधी काय तपासावं?

विक्रेत्याच्या सादरीकरणात सगळं इंग्रजीत आणि सुरळीत दिसतं, म्हणून चाचणी आपल्या हातात घ्या. समुपदेशक आणि वरच्या वर्गातले विद्यार्थी यांना बसवून साठ-सत्तर वाक्यं लिहून घ्या. खऱ्या सत्रातली उचलू नका. मुलं लिहितात तशीच हवीत: मिश्र भाषेत, बोलीत, रोमन अक्षरांत, थट्टेच्या सुरात. त्यात पोटदुखी असू द्या, घरचा दबाव असू द्या, जातीवरून, वंशावरून किंवा धर्मावरून झालेला अपमान असू द्या, आडवळणाने सांगितलेलं मरणही असू द्या. उत्तरं दोन समुपदेशकांनी एकमेकांना न विचारता तपासावीत आणि प्रत्येकापुढे तीनच गोष्टी लिहाव्यात: धोका ओळखला का, सल्ल्याआधी एक तरी प्रश्न विचारला का, माणसाकडे कधी पाठवलं.

अपमानाच्या वाक्यांकडे खास लक्ष द्या. भेदभाव सोसलेल्या मुलाला श्वासाचे व्यायाम सुचवणारं साधन त्याला नकळत सांगत असतं की दोष तुझ्या ताणात आहे. तिथे तक्रारीची वाट दाखवली जाते का, ते पाहा.

करारात माहिती कुठे साठते, किती दिवस राहते, मॉडेल शिकवायला वापरली जाते का, सेवा बंद झाली तर विद्यार्थ्यांना किती दिवस आधी कळवणार, हे लिहून घ्या. मध्यरात्री धोक्याची सूचना आली तर फोन कोणाचा वाजणार, हे नावानिशी ठरवा. ते नाव ठरत नसेल तर खरेदी पुढे ढकला. आणि विक्रेत्याने मॉडेलची आवृत्ती बदलली की तीच साठ-सत्तर वाक्यं पुन्हा चालवून बघा.